बागेतल्या बाईंना

बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही इतकी वर्षं अंगणवाडी चालवलीत, म्हणून कोपरखैरण्यात सगळे तुम्हाला बाईच म्हणतात. मीही तेच म्हणते. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'असू दे गं' म्हणून विषय उडवून लावता. तेव्हा आता लिहूनच मानते आणि चारचौघांत मानते, म्हणजे तुम्हाला काही बोलता येणार नाही.

आम्ही सांगलीहून इथे आलो तेव्हा लेक तीन वर्षांची होती. सिडकोनं आखलेलं शहर, सेक्टर पाडतानाच बागांना आणि मैदानांना जागा सोडलेल्या. नकाशा उघडला की हिरवे तुकडेच तुकडे. प्रत्यक्षात एकात 'हिरवळीवर चालू नये'ची पाटी, दुसऱ्यात चालणाऱ्यांची गर्दी, तिसऱ्यात मोठ्या पोरांचं क्रिकेट. चेंडू कधी कुणाच्या डोक्यात बसेल सांगता येत नाही. मी तुम्हाला विचारलं होतं, इथली चांगली बाग कुठली? तुम्ही नाव सांगितलंच नाहीत. उलट मलाच विचारलंत, "शिडी स्वतः चढते का? आणि किती वाजता नेणार?"

त्या वेळी मला थोडा रागच आला, खरं सांगते. पण नंतर तुमच्याबरोबर बागेत गेले आणि कळलं की बाग तुम्ही उभ्यानं बघतच नाही. आधी खाली बसता. घसरगुंडीच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावून बघता. एप्रिलात पाच वाजतासुद्धा पत्रा पोळतो आणि पश्चिमेला तोंड असलेली घसरगुंडी तर सगळ्यात शेवटी निवते, हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. मग चप्पल काढून झोपाळ्याखालच्या वाळूत अंगठा खुपसता. अंगठा आत गेला तर ठीक. नाही गेला तर ती नुसती नावाला वाळू, पडलं की फरशीवर पडल्यासारखंच लागणार. पेव्हर ब्लॉकवर उभा केलेला झोपाळा दिसला की तुमच्या कपाळावर आठी पडते ती पडतेच.

आणि ते फटीचं! गजांमधली, पायऱ्यांमधली फट तुम्ही हातानं मोजता. चार बोटांपेक्षा मोठी नि वितीपेक्षा लहान असेल तर वाईट. मूल पाय आधी घालतं, मग अंगही आत सरकतं आणि डोकं अडकतं. मी घरी येऊन उगाच शोधत बसले, तर खेळाच्या साधनांच्या मानकांतही साडेतीन ते नऊ इंचांची फट धोक्याची धरलेली. म्हणजे तुमची बोटं आणि वीत जवळपास बरोबर निघाली. ह्यांना सांगितलं तर ते टेप घेऊन आमच्या गॅलरीचे गज मोजायला लागले.

मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरू नये, हे तर मी पहिल्यांदा तुमच्याकडूनच ऐकलं. मला वाटायचं, एकटं सोडण्यापेक्षा आपण बरोबर असलेलं बरं. पण त्याचा बूट कडेला अडकला तर वरून आपलं अख्खं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकटं मूल अडकलं तर नुसतं थांबतं. "जिथं तिला स्वतः चढता येत नाही, तिथं उचलून ठेवायचं नाही," हेही तुमचंच. त्या दिवशी माझ्या लेकीच्या टोपीची नाडी तुम्ही गप्पा मारता मारता ओढून काढलीत आणि गाठ मारून माझ्या पर्समध्ये टाकलीत. ती घसरगुंडीच्या खिळ्यात अडकली असती तर काय झालं असतं, हे तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

ओपन जिमच्या यंत्रांवर लोंबकळणारी पोरं बघून तुम्ही जे ओरडता, त्याबद्दल काही आजोबा तुमच्यावर नाराज आहेत. असू द्यात. त्या दांड्यांच्या सांध्यात बोट सापडलेलं मूल ज्यानं बघितलंय, तो तुमच्याच बाजूनं बोलेल.

मग एकेक बाग उलगडत गेली. सेक्टर चौदाचं निसर्ग उद्यान बंद झालेल्या कचराभूमीवर उभं आहे, हे तुमच्याकडून कळलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. तिथे तुम्ही आम्हाला झोपाळ्यांकडे नेलंच नाहीत, झाडांखाली नेलंत. वाळक्या पानांची दुकानं मांडून पोरी तासभर खेळल्या. नेरूळच्या वंडर्स पार्कला सुट्टीचा दिवस सोडूनच जा म्हणालात, ते अगदी खरं. रविवारी सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींसमोर फोटो काढणाऱ्यांत आणि टॉय ट्रेनच्या रांगेतच संध्याकाळ जाते. खारघरचं सेंट्रल पार्क फार मोठं, लहान पायांना न झेपणारं. सगळं बघायच्या भानगडीत न पडता एकच कोपरा धरायचा. तिकडे आता बेलापूरहून मेट्रो जाते आणि पार्काच्या नावाचं स्टेशनच आहे. ठाणे-पनवेल गाडीनं बेलापूर आणि तिथून मेट्रो, असा आमचा बेत ठरलेला. लेकीला विचाराल तर पार्कापेक्षा मेट्रोच भारी.

पण सगळ्यात जास्त खेळ झाला तो आमच्या इमारतीमागच्या त्या मोकळ्या, कुणी नाव न ठेवलेल्या तुकड्यावर. ना झोपाळा, ना रबरी मॅट. तुम्ही फरशीचे सात तुकडे जमवलेत, कापडी चेंडू आणलात आणि लगोरी सुरू केलीत. मग विषामृत, मग डोंगर का पाणी. हिंदी, तेलुगू, मल्याळी बोलणारी पोरं "डोंगर का पाणी" असं ओरडत पायरीवर चढायला लागली आणि त्यांच्या आया खिडकीतून बघायला लागल्या. मोठी क्रिकेटवाली पोरंही लगोरी फोडायला यायची. तुम्ही त्यांना एकच अट घातलीत, लहानांना दोन जास्तीचे डाव. मला वाटतं मोठ्या रकमा खर्चून उभ्या केलेल्या प्लास्टिकच्या किल्ल्यांना जे जमत नाही, ते तुमच्या त्या फरशीच्या तुकड्यांना जमलं. किल्ला चार वेळा चढून झाला की मुलं कंटाळतात, लगोरीत मात्र रोज नवीन भांडण असतं.

पावसाळ्यात तुम्ही आम्हाला बागेऐवजी जिन्यात आणि पार्किंगमध्ये खेळायला लावलंत, त्याबद्दल वॉचमनदादांची बोलणीही तुम्हीच खाल्लीत. शेवाळलेल्या घसरगुंडीवरून पडून हात गळ्यात बांधून बसण्यापेक्षा ती बरी, असं तुमचं म्हणणं. पण बोलणी शेवटी बोलणीच. ती आमच्यामुळे खाल्लीत, त्याचेही आभार.

आणि हो, आता एक कामही आहे. माझी नणंद ऐरोलीला राहायला आली आहे, तिचा मुलगा दीड वर्षाचा. नुकता चालायला लागलाय, शिडीचं तर नावच नको, आणि तिला सकाळी साडेसातलाच वेळ असतो. तिकडे त्याला कुठे नेऊ, असं ती मला विचारते. मी तिला तुमचेच प्रश्न विचारले, पण पुढचं उत्तर मला येत नाही. गुरुवारी संध्याकाळी तिला घेऊन येते. तुम्ही असाल ना?

तुमची,
लेकीची आई
कोपरखैरणे, नवी मुंबई