बरणीवरचं नाव

प्रिय अलका,

परवा फोनवर सांगायला घेतलं आणि तुझ्याकडे पाहुणे आले, बोलणं राहून गेलं. एका अर्थी बरंच झालं, हे पत्रातच सांगायला हवं होतं.

१९९२ ची आपली तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची, मंडपमची सहल आठवते ना? ओहोटीच्या वेळी समुद्रगवतात गुडघाभर पाण्यात उभ्या होतो आणि नावाड्याने ‘अट्टै, अट्टै’ म्हणत तुझ्या ओंजळीत समुद्रकाकडी ठेवली, तो काकडीच्या आकाराचा, समुद्रतळावर राहणारा प्राणी. तमिळमध्ये तिला कडल अट्टै म्हणतात, म्हणजे समुद्रातली जळू. आधी ती लिबलिबीत वाटली, मग बघता बघता दगडासारखी टणक झाली आणि मागच्या टोकाने पाण्याची चूळ सोडली. तू दचकलीस, पण हातातून टाकली नाहीस.

त्या सहलीतून नमुना म्हणून आणलेल्या समुद्रकाकडीची बरणी अजून आमच्याकडे आहे. सध्या विभागाचं संग्रहालय नव्या इमारतीत हलवतोय. बरण्या पुसताना एका विद्यार्थिनीने लेबल मोठ्याने वाचलं, ‘होलोथुरिया अॅट्रा, मंडपम’. अक्षर माझं. म्हणाली, “मॅडम, अॅट्रा म्हणजे काळी ना? मग हिचं पोट फिकं कसं?” मी सवयीने सांगून टाकलं की स्पिरिटमध्ये रंग उडतो. ते खरंही आहे, पण अॅट्रा जिवंतपणी वरून-खालून काळीच असते, आणि हिची पाठ अजून करडी, आडव्या सुरकुत्यांची, पोट पांढरट आणि त्यावर बारीक ठिपके. घरी आले तरी ते डोक्यातून जाईना.

रंगावरून ठरवता येणार नव्हतं. समुद्रकाकडीची खरी ओळख तिच्या कातडीत रुतलेल्या चुन्याच्या कणांत असते. आणि तिथेच माझा जीव घाबरा झाला. नमुने टिकवायचं द्रावण, फॉर्मॅलिन, हळूहळू आम्ल होत जातं आणि हे कण विरघळवून टाकतं. बाहेरून अख्खा दिसणारा नमुना ओळख पटवायला निकामी होतो. मग आठवलं. सगळे नमुने फॉर्मॅलिनमध्ये चालले होते आणि तू सरांशी हुज्जत घालून कंटकचर्मी प्राण्यांच्या, म्हणजे तारामासे, समुद्रकाकड्या यांच्या बरण्या स्पिरिटने भरायला लावल्या होत्यास. मला तेव्हा तो तुझा हट्ट वाटला होता.

पाठीच्या कातडीचा तांदळाएवढा तुकडा घेतला, काचेवर ठेवला आणि कपड्यांच्या ब्लीचचे दोन थेंब सोडले. बुडबुडे आले, मांस विरत गेलं आणि तळाशी पिठासारखा पांढरा गाळ उरला. हलक्या हाताने धुतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अलका, अगं सगळे कण शाबूत! काही कण म्हणजे छिद्रांची तबकडी आणि तिच्यावर उभे चार खांब, थेट उलटा ठेवलेला चौरंग. एकेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. आणि त्यांच्यात मिसळलेली लंबगोल बटणं, छिद्रांच्या दोन रांगा असलेली, अंगावर गाठी गाठी. या बटणांनीच निकाल लावला. अॅट्रात चौरंग असतात, पण बटणं नसतात, त्यांच्या जागी फुलासारखे छोटे कण असतात. ही होलोथुरिया स्केब्रा आहे.

गंमत म्हणजे दोन्ही नावं येगर या एकाच प्राणिशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये दिलेली. लॅटिनमध्ये अॅट्रा म्हणजे काळी, स्केब्रा म्हणजे खरखरीत. संघ कंटकचर्मी, म्हणजे तारामाशाची भावकी, वर्ग होलोथुरॉइडिया, कुल होलोथुरिडी. रंगावर विसंबून फसणारी मी एकटी नाही. स्केब्राचाच एक प्रकार म्हणून धरलेली सोनेरी समुद्रकाकडी २००९ मध्ये होलोथुरिया लेसोनी या नावाने वेगळी झाली, तीही कण आणि जनुकं तपासल्यावर.

मग नमुना पुन्हा नीट बघत बसले. सरांनी लांबीला चिरला होता, त्यामुळे सगळं उघडंच आहे. आतल्या भिंतीवर लांबीला पाच स्नायुपट्ट्या, तारामाशाच्या पाच बाहूंची खूण. तारामासा तोंड खाली करून चालतो, ही कुशीवर आडवी झालेली. तोंडाभोवती ढालीसारखे वीस स्पर्शक, घशाला चुन्याचं कडं. आतड्याचे वेढे अजून मंडपमच्या वाळूने गच्च भरलेले आहेत, वाळूतलं सेंद्रिय तेवढं घेऊन बाकीची ती परत समुद्राला देते. आणि ते दोन श्वसनवृक्ष! गुदद्वारातून पाणी ओढून त्या फांद्यांत खेळवायचं, असा तिचा श्वास. तुझ्या हातावर उडाली ती चूळ तिथलीच. प्रजननग्रंथी एकच, धाग्यांचा झुबका. बाहेरून नर-मादी ओळखू येत नाही.

किनाऱ्यावर समुद्रकाकड्या उकळून वाळूत पुरत होते, ते आठवतं? रात्रभर पुरल्यावर वरची साल कुजते, मग ती घासून काढतात. आपल्याला वाटलं, घाण काढताहेत. ते हेच कण होते गं, खाताना दाताखाली कचकच येऊ नये म्हणून. जिच्यावर तिचं नाव लिहिलेलं तीच साल काढून माल परदेशी जायचा. २००१ मध्ये आपल्याकडच्या सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या, तेव्हापासून पकडणं-विकणं बंद. तरी चोरटी पकड चालूच असते, आणि स्केब्रा जगभरात संकटग्रस्त धरली जाते. वाईट वाटतं, कारण याच जातीची पिल्लं १९८८ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) तुतीकोरिन केंद्रात प्रथम वाढवली गेली होती. ज्ञान आपल्याच किनाऱ्यावर होतं.

आता मुलींना ओंजळीत धरायला ती कुठून देणार? ही बरणीच दाखवायची, म्हणून लेबल बिनचूक हवं. नवं लिहिलंय, जुनंही आत तसंच राहू दिलंय. नाव झालं, पण तारीख आणि पाण्याची खोली रिकामी आहे. तू सहलीत निळ्या वहीत सगळं टिपत होतीस. माळ्यावरच्या ट्रंकेत ती सापडली तर ते पान फोटो काढून पाठव. आणि ‘नमुना जतन केला’ या ओळीपुढे मी तुझं नाव घालतेय, नाही म्हणू नकोस.

तुझीच,
नीला