आंत्रविषाराचे निदान विषावरूनच व्हावे

महोदय,

पहिल्या पावसानंतर कोवळे गवत तरारले की मेंढपाळांच्या वाड्यांवर आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यातील जंतूच्या विषाने होणाऱ्या रोगाने, मेंढरे दगावू लागतात, आणि जातात ती बहुधा कळपातली सर्वांत धष्टपुष्ट कोकरे. संध्याकाळी भरल्या पोटाने बसलेले कोकरू पहाटे मान मागे टाकून पाय झाडताना दिसते आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत संपते. काही तासांनी शवविच्छेदन केले तर मूत्रपिंड बोटाखाली लगद्यासारखे लागते.

या रोगाचा जंतू, क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतो. त्यामुळे मेलेल्या जनावरात तो सापडला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जीव घेते ते त्याच्या ‘डी’ प्रकाराने बाहेर सोडलेले एप्सिलॉन नावाचे प्रथिन. स्रवताना ते जवळजवळ निरुपद्रवी असते. परंतु आतड्यातील पाचक रसातले ट्रिप्सिन त्याचा तुकडा छाटते, आणि मग ते रक्तात उतरून मेंदू व मूत्रपिंडातील पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. पुण्यात औंध येथे तयार होणारी आंत्रविषाराची लसही याच विषाला फॉर्मलिनने निर्विष करून बनते.

असे असताना, माझ्या नोकरीच्या काळात कित्येकदा केवळ काचपट्टीवर जंतू पाहून निदान लिहिले गेले, याची खंत आजही वाटते. हे विष नमुन्यात लवकर नष्ट होते. म्हणून मेंढपाळ पट्ट्यातील प्रत्येक दवाखान्यात बर्फाचा डबा आणि क्लोरोफॉर्मचे थेंब घातलेल्या बाटल्या पावसाळ्यापूर्वीच पोहोचाव्यात, आणि आतड्यातील द्रव त्याच दिवशी विषाच्या तपासणीसाठी रवाना व्हावा.

दुसरी विनंती संशोधनाची आहे. लस टोचलेल्या कळपातही कधी कधी मर होते. दुसरी मात्रा चुकली, लस वाटेत गरम झाली, की मारणारे विष निराळेच होते, हे आज मेंढपाळाला कोणी खात्रीने सांगत नाही, आणि तो लसीवरचा विश्वासच गमावून बसतो. परळ व शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्याच कळपांतून मिळालेले जंतू जतन करून ते एप्सिलॉनखेरीज कोणकोणती प्रथिने स्रवतात, याचा सलग काही वर्षे अभ्यास करावा आणि त्यासाठी पशुसंवर्धन विभागाने स्वतंत्र तरतूद करावी. निष्कर्ष मात्र मराठीत, लसीकरणाच्या आधी, वाड्यापर्यंत पोहोचवावेत.

– एक निवृत्त पशुवैद्यक