दहा मिनिटांत बरे वाटले तरी

महोदय,
पक्षाघातावरील आपला लेख वाचला. तो पटला, पण सौम्य झटक्याचा उल्लेख त्यात ओझरताच आला आहे. आमच्या खानापूर भागात ‘अंगावरून वारे जाणे’ सर्वांना ठाऊक आहे. मात्र तोंड वाकडे होऊन, हात लुळा पडून दहा मिनिटांत पूर्ववत झाला, की ‘पित्त असेल’ म्हणत माणूस पुन्हा शेताकडे वळतो. माझ्या थोरल्या काकांनी हेच केले. दुसऱ्याच दिवशी त्यांची उजवी बाजू गेली. अशा सौम्य झटक्यानंतर मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. म्हणून त्याच दिवशी बेळगाव गाठून मेंदूचे स्कॅन, मानेच्या रक्तवाहिन्यांची तपासणी आणि ईसीजी करून घ्यावा. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी नंतर मनाने बंद करू नये.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)