सिंकला बॅकअप समजू नका, फोटो जातायत

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

फोनचं स्टोरेज फुल झालं की हल्ली एकच सल्ला सगळीकडे ऐकू येतो, सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर टाका आणि फोनमधलं उडवून टाका. टेक पानांवर तो छापून येतो, व्हॉट्सॲपवर तर कायमच फिरत असतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो हे मान्य, पण त्यातला 'उडवून टाका' हा भाग लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो घालवतोय आणि म्हणून हे पत्र लिहितेय.

क्लाउडवर फाइली ठेवणाऱ्या सेवांपैकी ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये सगळ्यांसाठी सुरू झालं, ॲपलचं आयक्लाउड २०११ मध्ये आणि गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये, म्हणजे या गोष्टी आता काही नवीन राहिलेल्या नाहीत, तरी आत काय चालतं ते फारसं कोणी समजावून सांगत नाही. त्या सिंक करतात, म्हणजे तुमच्या सगळ्या डिव्हाइसवर आणि क्लाउडवर फाइली एकसारख्या ठेवतात. तुमच्या कॉम्प्युटरवर एक ॲप बसलेलं असतं, ते ठरलेल्या फोल्डरवर सतत लक्ष ठेवून असतं. तुम्ही फाइल सेव्ह केलीत की ते तिचे तुकडे पाडतं, ड्रॉपबॉक्समध्ये हा तुकडा ४ एमबीचा असतो, म्हणजे १०० एमबीची फाइल असेल तर २५ तुकडे. मग प्रत्येक तुकड्यावरून हिशोब करून एक हॅश काढला जातो, तो त्या तुकड्याचा ओळख क्रमांकच समजा, तुकड्यात एक अक्षर जरी बदललं तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. सर्व्हरकडे यातले कुठले तुकडे आधीपासून आहेत हे ॲप विचारतं आणि जे नाहीत तेवढेच अपलोड करतं. म्हणून मोठ्या फाइलमध्ये बारीकसा बदल केला तर बरेचदा काही सेकंदात सिंक होऊन जातं. मग सर्व्हर तुमच्या बाकीच्या डिव्हाइसला कळवतो की इथे बदल झालाय आणि तीही तेवढे तुकडे ओढून घेतात. फार हुशारीने केलेलं काम आहे हे, मला तर अजूनही त्याचं कौतुक वाटतं.

आता खरा मुद्दा असा की या सगळ्या यंत्रणेच्या दृष्टीने डिलीट करणं हाही एक बदलच आहे. फाइलमध्ये ओळ वाढवलीत तर ती जशी सगळीकडे पोचते तशीच फाइल पुसलीत तर ते पुसणंही सगळीकडे पोचतं, आणि ते तितक्याच इमानदारीने पोचतं. सिंक हा आरसा आहे, समोरची वस्तू उचललीत की आरशातलीही जाते. आयक्लाउड फोटोज चालू असताना आयफोनमधला फोटो डिलीट केला की तो आयपॅडवरून, मॅकवरून आणि क्लाउडवरूनही जातो. गूगल फोटोजमध्ये तर दोन वेगळी बटणं आहेत, 'फ्री अप स्पेस' केलंत तर बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली कॉपी जाते, आणि त्याच ॲपमध्ये फोटो सिलेक्ट करून डिलीट केलात तर फोनमधला आणि क्लाउडवरचा असे दोन्ही जातात. दोन्ही केल्यावर फोन सारखाच रिकामा होतो, त्यामुळे आपण नक्की काय केलं हे माणसाला तेव्हा कळतच नाही. कळतं काही महिन्यांनी, एखादा जुना फोटो शोधताना, आणि तोवर ट्रॅशची मुदत संपलेली असते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोला ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतात, आयक्लाउडमध्ये ३० दिवस. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश पूर्वी आपण रिकामा करेपर्यंत तसाच राहायचा, ऑक्टोबर २०२० पासून तोही ३० दिवसांनी आपोआप साफ होतो. रॅन्समवेअरचंही, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचंही हेच, व्हायरसने लॉक करून टाकलेल्या फाइली सिंक ॲपला नुसत्या 'बदललेल्या' दिसतात आणि ते त्या मुकाट वर चढवतं, अशा वेळी जुन्या व्हर्जन्स ठेवलेल्या असतील तरच वाचतो आपण.

कंपन्यांनीही हा घोळ वाढवलाय असं माझं मत आहे. गूगलने २०१७ मध्ये जे डेस्कटॉप ॲप आणलं त्याचं नावच 'बॅकअप अँड सिंक' होतं, सामान्य माणसाने दोन्ही एकच धरलं तर त्याचं काय चुकलं? डिलीट दाबल्यावर 'हे तुमच्या सगळ्या डिव्हाइसवरून जाईल आणि इतक्या तारखेनंतर परत मिळणार नाही' असं ठळक अक्षरात, तारखेसकट आणि मराठीत दाखवायला हवं. तुमच्यासारख्या मोठ्या वर्तमानपत्राने ही मागणी लावून धरली तर तिला वजन येईल.

सर्व्हरवरची हार्डडिस्क बिघडेल ही भीती मात्र जवळजवळ सोडून द्या. ॲमेझॉनची एस३ नावाची स्टोरेज सेवा वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा धरून डिझाइन केलीय, बाकी मोठ्या कंपन्याही एकाच डेटाच्या कॉपी अनेक डिस्कवर ठेवतात. धोका आपल्या बाजूला जास्त असतो. गूगलचे फुकटातले १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असतात, ते भरले की नवे फोटो वर जायचे थांबतात आणि आपण मात्र जातायत असंच धरून चालतो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल अकाउंट डिलीट होऊ शकतं, हे धोरण २०२३ मध्ये जाहीर झालं, घरातल्या वयस्कर माणसांची अकाउंट्स आणि वारलेल्या माणसांची अकाउंट्स यात सापडतात हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

लॅपटॉपवर अजून एक गोष्ट फसवते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलचं नाव दिसतं, साइज दिसते, पण शेजारी निळा ढग असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच आहे, फक्त तिची नोंद आहे, नेट नसेल तर उघडणार नाही. हिरवी टिक असेल तर ती खरंच तुमच्याकडे आहे. याच्या उलटही होऊ शकतं, म्हणजे फाइल कॉम्प्युटरवर असते पण क्लाउडवर पोचलेलीच नसते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपच्या ८४ नंबरच्या व्हर्जनमध्ये गडबड झाली आणि काही लोकांच्या फाइली गायब झाल्या, तेव्हा गूगलनेच सांगितलं की अकाउंट डिसकनेक्ट करू नका आणि ॲपचं डेटा फोल्डर पुसू किंवा हलवू नका, कारण वर न पोचलेल्या फाइली त्या कॉम्प्युटरमध्येच असण्याची शक्यता होती. नंतर त्या परत मिळवायचं टूलही दिलं. म्हणून महत्त्वाची फाइल खरंच वर गेली का हे फोल्डरमध्ये बघू नका, दुसऱ्या डिव्हाइसवर ब्राउझरमध्ये लॉगिन करून बघा.

आणि सिंक चालू असलं तरी एक कॉपी अशी हवीच जी सिंकला जोडलेलीच नाही. जाणकार लोक ३-२-१ म्हणतात, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. तेवढं जमत नसेल तर निदान एक बाहेरची हार्डडिस्क घ्या आणि काम झालं की काढून ठेवा, कायम लावून ठेवलीत तर व्हायरस तिच्यापर्यंतही पोचेल. गूगलवर असाल तर टेकआउट म्हणून सोय आहे, तिथे मागणी केली की तुमचा सगळा डेटा झिप करून लिंक मेलवर येते, मोठा साठा असेल तर थोडा वेळ लागतो. ती लिंक साधारण आठवडाभरच चालते, त्यामुळे आल्या आल्या डाउनलोड करून घ्या आणि एकदोन झिप उघडून बघा, आत फोटो आहेत ना आणि ते उघडतायत ना.

आपली,
एक नियमित वाचक