हरणीला कालवड झाली

खरसुंडी, ता. आटपाडी
१० मे २०२४

प्रिय शुभे,

पत्र मिळालं. परीक्षा संपल्यावर दिवसभर करतेस काय, असं विचारलंस. आजचाच दिवस सांगते, कारण आज हरणी व्याली.

कास तटतटली होती आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे पडले होते, म्हणून आबा रात्री गोठ्यातच झोपले होते. पहाटे त्यांची हाक आली, "ऊठ गं पोरी, हरणी ऊठबस करतीया." खिल्लार गाय परक्याला दावणीजवळ फिरकू देत नाही, हे तुला ठाऊकच आहे. व्यायच्या वेळी तर ती दादांवरही शिंग उगारते. मला मात्र येऊ दिलं. मी तिच्या वशिंडावर हात ठेवून उभी राहिले. पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसल्यावर आबा म्हणाले, "सरळ हाय. वढू नगंस, तिचं तिला करू दे." वासरू खाली आलं तसं मी नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला आणि बाजूला झाले. मग हरणीनं चाटायला सुरुवात केली. शुभे, ती चाटताना घशातून जो बारीक आवाज काढते ना, तो ती एरवी कधीच काढत नाही.

कालवड आहे! डोक्यावर तांबूस झाक आहे. खिल्लारची वासरं अशीच जन्मतात, दोन-तीन महिन्यांत ती झाक जाते. उठायला धडपडली, पडली, परत उठली. आबांनी तिला आचळाला लावलं. पहिला चीक लवकर पोटात गेला पाहिजे, वासराची सगळी ताकद त्यात असते. खरवसाचं नाव काढायचं नाही, असं मी आईला आधीच सांगितलं होतं. नाळेला आयोडीन लावलं, हरणीला बाजरी शिजवून गूळ घालून दिली. वार, म्हणजे वासरामागून येणारी झार, पडेपर्यंत जागचं हलायचं नव्हतं. वार पडल्यावर ती दादांनी लांब नेऊन खोल पुरली, नाहीतर कुत्री उकरतात.

उजाडल्यावर वस्तीवरचे लोक येऊ लागले. जो येईल तो, "काय झालं?" कालवड म्हटलं की, "व्हय? खोंड झाला असता तर बरं झालं असतं." आल्या पावली परत. मला फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

२०१४ ला बैलगाडा शर्यतींवर बंदी आली तेव्हा खोंडांना गिऱ्हाईक नव्हतं, असं आबा सांगतात. डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं परवानगी दिली आणि खोंडांचे भाव कुठल्या कुठे गेले. चांगलंच झालं, दावणी टिकल्या. पण गायीला भाव कुठे आला? हरणी दोन वेळचं मिळून दोन-अडीच लिटर देते, त्यातलंही अर्धं वासराला. शेजारची एक जर्सी गाय याच्या कितीतरी पट देते. टेंभू योजनेचं पाणी आलं तशी माळावर डाळिंबं झाली, चरायला रान उरलं नाही, कडबा विकत घ्यावा लागतो. दादा हिशेब मांडतात आणि म्हणतात, दोन गायी काढू, एक जर्सी आणू. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, घर त्यांना चालवायचंय. पण पौषातल्या यात्रेला खोंड घ्यायला येणारा जाणता माणूस आधी काय विचारतो? याची आय कुठाय? आईची शिंगं, पाय, नजर बघून मगच तो बोली करतो. मग त्या आईलाच विकून कसं चालेल? सगळ्यांनी खोंडच हवा म्हटलं तर पुढचे खोंड होणार कुणाच्या पोटी?

हे सगळं मी आज दुपारी दादांना बोलले. ऊन इतकं होतं की जनावरं लिंबाखाली धापा टाकत होती. शेण काढून, कुट्टी टाकून झाली होती, मी हौदातलं पाणी बदलत होते. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ही कालवड तुझी. हिचं खाणंपिणं, औषध, सगळं तू बघायचं." आबा खाटेवरून लगेच म्हणाले, "आणि हरणी न्हाय विकायची." त्यावर दादांनी होय म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

चारनंतर बाकीच्या गायी ओढ्याच्या कडेनं चारून आणल्या. हरणी गोठ्यातच होती, तरी मी दोनदा मागे वळले. धारा झाल्या, जेवणं झाली, आणि आता हे पत्र लिहितेय.

कालवडीचं नाव अजून ठेवलेलं नाही. चंद्री की पाखरी, तू कळव. आणि एक काम आहे. पावसाच्या आधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायला डॉक्टर येणार आहेत. एकेक जनावर धरून उभं करायला आमच्या घरची माणसं कमी पडतात. निकालाच्या आधी चार दिवस सुट्टी काढून ये. कासरा धरायला तुला येतोच. तारीख कळली की फोन करते, आईला आजच विचारून ठेव.

तुझी,
मंदा