वाटणी झाली, सावड कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ज्याचं धरण त्यानं बघावं, शेजाऱ्याच्या नादी लागू नये’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. राग समजतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा ‘खाली कर्नाटकात अलमट्टी धरणानं पाणी अडवलं’ म्हणून बोटं मोडत मीही कपाट विटांवर चढवत होतो. विटा पुरल्या नाहीत, हा भाग वेगळा.

पण आमचे आजोबा सावडीनं शेती करायचे. लोखंडी नांगराला चार-सहा बैल लागत आणि दावणीला जोडी एकच. मग तिघं एकत्र यायचे, आज तुझं रान, उद्या माझं. संध्याकाळी ज्याचे बैल त्याच्या गोठ्यात. सावडीत कुणी बैल दुसऱ्याच्या नावावर करत नाही. फक्त पाळी कुणाची, हे आधी ठरलेलं असायचं. ऐनवेळी वाद घातला की घात (रानाची नेमकी ओल) निघून जायची, तिघांचीही.

कृष्णेच्या बाबतीत बच्छावत लवादानं 1976 मध्ये वाटणी केली: महाराष्ट्र 560 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटक 700, आंध्र 800. सावड राहूनच गेली. उन्हाळ्यात कर्नाटक आपल्याकडे कोयनेचं पाणी मागतं, आणि जत पूर्व भागातली गावं तुबची-बबलेश्वर योजनेच्या पाण्यासाठी कर्नाटकाकडे डोळे लावून बसतात. दरवेळी नव्यानं विनवण्या. पावसाळ्यात दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांशी बोलतात, हे मान्य. पण पाणी हरिपूरच्या संगमावर चढायला लागल्यावर केलेला फोन म्हणजे सावड नव्हे.

युरोपात ऱ्हाईनकाठच्या देशांनी हे केलंय. महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली होती, तेव्हा 1950 मध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांनी नदीसाठी एक आयोग नेमला. कालपर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकणारी माणसं यात होती! 1986 मध्ये बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, नदीत मासे तरंगले. 1993 आणि 1995 मध्ये मोठे पूर आले. आयोग मोडला नाही, उलट 1998 मध्ये पुराचा एकत्र आराखडा झाला. वरच्या देशात काही बिनसलं की खालच्याला ताबडतोब कळवायचं, ही तिथली ठरलेली रीत आहे. आयोग कुणावर सक्ती करू शकत नाही. धरणं, बंधारे ज्याचे त्याचेच.

अलमट्टीची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायला आपला विरोध आहे, तो अजिबात सोडू नये. आजोबांचा ज्याच्याशी बांधावरून कोर्टात दावा चालू होता, तोही त्यांच्या सावडीत होताच की. तारखेला दोघं एकाच एसटीनं जायचे म्हणे.

तेव्हा दोन्ही राज्यांनी मिळून एक कायमचं कार्यालय काढावं. कोयना, वारणा, हिप्परगी, अलमट्टी या धरण-बंधाऱ्यांवरचा पाऊस, साठा आणि विसर्ग एकाच फलकावर, दोन्ही भाषांत, आम्हालाही दिसेल असा लावावा. आणि कुठल्या पातळीला कुणी किती दरवाजे उघडायचे, हे मृगाच्या आधी लिहून ठेवावं.

आपला,
गावभागातला एक वाचक, सांगली