पानावरची ओल कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी आला की ‘पावसाने द्राक्षबागा उद्ध्वस्त’ असे मथळे येतात. गारपिटीपुरते ते खरेच. एरवी नाशिक-सांगलीकडे घड जातो तो बहुधा डाऊनी या बुरशीच्या रोगाने, आणि डाऊनीचा हिशेब मिलिमीटरमध्ये बसत नाही. दुपारी दोनला 20 मिलिमीटर पडून लगेच ऊन-वारा सुटला, तर पान लवकर सुकते. संध्याकाळी सातला नुसता 3 मिलिमीटरचा शिडकावा, वर ढग आणि पहाटे दव, असे झाले तर तेच पान सकाळी नऊपर्यंत ओले. ही शिडकाव्याची रात्र जास्त घातक, आणि विम्याच्या कागदावर मात्र तिला किंमत नाही.

डाऊनीचा पानावर तेलकट डाग पडतो. त्या डागाच्या मागे पांढरी बुरशी यायला अंधार, 95 टक्क्यांहून जास्त आर्द्रता आणि 13 अंशांहून जास्त तापमान असे चारेक तास लागतात. त्यातून सुटलेले बीजाणू पाण्याच्या पातळ थरात पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरतात. 20 ते 25 अंशांना त्यासाठी दोन-तीन तासांची ओल पुरते. नवा डाग दिसतो चार-पाच दिवसांनी. डाग बघून फवारणीचा ब्लोअर जोडणारा तेवढे दिवस मागेच राहतो.

हवामानही बदलते आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते. हवामान खात्याने 2020 मध्ये मॉन्सूनच्या तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा पश्चिम राजस्थानातून परतीची सुरुवात 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. गोड्या छाटणीला (घडांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीला) तसे पुढे सरकता येत नाही. उशिरा छाटलेली बाग थंडीत अडकते, मणी फुगत नाही. त्यामुळे पोंगा (फुटणारा कोंब) ते फुलोरा हे छाटणीनंतरचे नाजूक 40 दिवस ओल्या हवेत सापडतात. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळानंतर आणि 2019 च्या लांबलेल्या पावसात हेच झाले. (सटाण्याकडची अर्ली, म्हणजे लवकर छाटायची बाग तर पावसाळ्यातच छाटतात. तो जुगार वेगळा!)

अशा हवेत ‘दर चौथ्या दिवशी एक हात’ हे फवारणीचे वेळापत्रक फसते. मॅन्कोझेब 75 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, हे बुरशीनाशक पाऊस येण्याआधी पानावर हवे. शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाही. पोंग्यानंतर रोज नवे पान निघते, त्यावर कालच्या औषधाचा थेंबही नसतो. नोझल खालून वर मारा करत नसेल तर औषध नको त्या बाजूला बसते. डायमेथोमॉर्फ, मॅण्डीप्रोपॅमिड यांसारखी आंतरप्रवाही (पानात शिरणारी) औषधे हंगामात दोन-तीनदाच आणि मॅन्कोझेबच्या जोडीनेच वापरावीत. ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटातल्या औषधांना ही बुरशी सरावली, ती त्याच त्याच माऱ्याने.

जुना डाग जिवंत आहे की मेला, हे पाहायला पैसे लागत नाहीत. डागाचे पान ओल्या कागदासह पॉलिथिनच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवावे. सकाळी मागे पांढरी लव दिसली तर बुरशी जिवंत आहे. छाटणीनंतर गळलेली पाने बागेबाहेर काढावीत, कारण पुढच्या हंगामाचे बीज त्यांतच असते. ओलांड्यांवर (वेलीच्या आडव्या फांद्यांवर) 1 टक्का बोर्डो मिश्रण मारावे : मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. लोखंडी खिळा बुडवून तांबूस झाला तर चुना कमी पडला आहे. कोवळ्या फुटीवर हे प्रमाण चालत नाही, पान करपते.

आता मागणी. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रांत पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजला जातो. हवामान आधारित फळपीक विमाही पाऊस आणि तापमानाचे आकडे बघतो. द्राक्षाच्या मंडळांत निदान एक पान-ओल संवेदक (पान किती वेळ ओले राहते ते मोजणारे यंत्र) बसवावा, आणि तोही केंद्राच्या मोकळ्या जागेत नको. मोकळ्यावर सुकलेली ओल वेलीच्या दाट पानांत तासन् तास टिकते. संवेदक मांडवाखाली, घडाच्या उंचीला हवा. त्याचे रात्रीचे तास पहाटे शेतकऱ्याच्या मोबाईलवर यावेत आणि विम्याच्या निकषांत धरावेत. काही बागायतदारांनी अशी यंत्रे स्वखर्चाने बसवली आहेत. दोन एकरवाल्याला ते परवडत नाही.

आपला,
एक द्राक्ष सल्लागार, निफाड